गावाला सोबत घेऊन टिकाऊ जगणं: मराठवाड्यात पहिलं वर्ष कसं काढायचं

पुण्या-मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेली मुलं-मुली, पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या ताई, नव्या गावी रुजू झालेले गुरुजी किंवा ग्रामसेविका यांच्यापैकी कुणाला तरी मनापासून वाटतं की गावाने पाणी, माती, चारा, कचरा यांचा एकत्र विचार करावा. पण पहिल्या आठवड्यात काय करायचं, आधी कुणाला भेटायचं, कोणता विषय काढायचा आणि कोणता तूर्त बाजूला ठेवायचा, हे सांगायला कुणी नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

"आमचं गाव एकत्र येत नाही" हे तुम्हाला पहिल्याच दिवशी पारावर ऐकायला मिळेल. ते फार मनावर घेऊ नका. ज्या गावात सात दिवसांचा अखंड हरिनाम सप्ताह होतो, घरटी वर्गणी जमते, कोणत्या दिवशी कुणाची पंगत, कोणत्या आळीने भाकरी आणायच्या, टँकर कुणी सांगायचा हे सगळं कागदावर न लिहिता ठरतं, त्या गावाला एकत्र काम जमत नाही असं कसं म्हणायचं? यळवशीला लातूर-धाराशिवकडचं अख्खं गाव शिवारात जातं आणि वाटेने जाणाऱ्यालाही आंबील-भज्जीला बोलावतं. एकेक बैल असलेले दोन शेतकरी वारंगुळ्याने एकमेकांची पेरणी उरकत आले आहेत. बचत गटाच्या बायका महिन्याच्या महिन्याला हिशोब चोख ठेवतात. एकत्र काम करायची घडी गावात आहेच. टिकाऊ जगण्याचं काम त्याच घडीत बसवायचं, नवी समिती आणि नवा फ्लेक्स लावून सुरुवात करायची नाही, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे. पुढे जे लिहितोय ते हे प्रत्यक्षात कसं करायचं त्याबद्दल.

आधी शिवार पायाखालून घाला

पहिले दोन-तीन महिने कोणतीही योजना मांडू नका. शिवार फेरी करा. एकट्याने फिरू नका आणि फक्त सरपंचांबरोबरही फिरू नका. एक म्हातारं माणूस सोबत घ्या, ज्याने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली किंवा पाझर तलावावर माती टाकली. एक बाई घ्या, जिला कोणता हातपंप कोणत्या महिन्यात आटतो ते तोंडपाठ आहे. आणि एखादा जेसीबी किंवा बोअरच्या गाडीवर काम केलेला पोरगा घ्या. कुठे किती फुटांवर काळा पाषाण लागला आणि कुठे धूळच निघाली, हे त्याला कोणत्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.

चालायचं ते माथ्याकडून पायथ्याकडे, म्हणजे पाणी जसं वाहतं तसं. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर वसला आहे. वरची माती, खाली मुरूम आणि त्याखाली घट्ट खडक. पाणी साठतं ते मुख्यतः मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण उथळ आणि थोडी असते. म्हणून चांगला पाऊस झाला तरी मार्चमध्ये विहिरी तळ गाठतात. पाचशे-सातशे फुटांचं बोअर हे या उथळ साठ्याला उत्तर होत नाही. वर्षानुवर्षं भेगांत झिरपलेलं जुनं पाणी ते काढून घेतं, आणि ते एका मोसमात भरून येत नाही. ही गोष्ट तुम्हाला नीट समजली पाहिजे, कारण पुढे गावाशी बोलताना सगळी चर्चा इथेच येऊन थांबते.

फेरीत काय बघायचं? जुने पाझर तलाव आणि नाला बांध कुठे आहेत, किती गाळाने भरलेत. कोणत्या रानातून पावसाळ्यात गढूळ पाणी निघतं. गायरान किती उरलंय आणि त्यावर कुणाचं पोट अवलंबून आहे. नळ योजनेचं पाणी सर्वांत शेवटी कोणत्या घरात पोहोचतं. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. बहुतेक वेळा ते शेवटचं घर दलित वस्तीत, तांड्यावर किंवा पारध्यांच्या पालाशेजारी निघतं. तिथे जाऊन बसा, चहा घ्या, तांड्याच्या नाईकांना भेटा. गावठाणात ठरलेली आणि वस्तीवर फक्त कळवलेली कोणतीही गोष्ट टिकत नाही. तिथल्या माणसांना तर हे फार आधीपासून ठाऊक आहे.

वेळेचंही बघा. बीड, जालना, परभणी, धाराशिव या पट्ट्यातल्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तुमच्या गावातली निम्मी घरं जानेवारीत कुलूपबंद असतील, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घेतलेला निर्णय निम्म्या गावाचाच ठरतो. अशा गावात मोठे विषय १ मे किंवा १५ ऑगस्टला घ्या. जाणाऱ्या माणसांशी ती निघण्याआधी बोलून ठेवा, आणि म्हातारी-पोरं मागे राहत असतील तर त्यांचं पाणी आणि धान्य कोण बघणार हेही विचारा. तो प्रश्न टिकाऊ जगण्याच्या बाहेरचा समजू नका.

मोजायला लागा

लोक मताला उलट मत ऐकवतात, आकडा मात्र थोडं थांबून ऐकतात. म्हणून फेरी चालू असतानाच दोन मापं सुरू करा.

पहिलं पावसाचं. सरकारी आकडा महसूल मंडळाचा असतो, आणि मंडळात पंचवीस-तीस गावं सहज असू शकतात. आपल्याकडे ओढ्याच्या अलीकडे झड लागते आणि पलीकडे धूळ उडते. शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पोरांनी ते वाचायचं आणि फळ्यावर लिहायचं.

दुसरं विहिरींचं. माथ्यावरची, मधली आणि पायथ्याची अशा सात-आठ विहिरी निवडा. काठावर ऑइलपेंटने खूण करा, म्हणजे प्रत्येक वेळी माप तिथूनच घेतलं जाईल. टेपच्या टोकाला वजन बांधून सोडा, पाण्याला लागल्याचा आवाज आला की आकडा नोंदवा. मोटर चालू करण्याआधी, पहाटे मोजा, नाहीतर उपशाने खाली गेलेलं पाणी मोजलं जातं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही निदान त्या चार वेळा मोजा, जमलं तर दर महिन्याला. आकडे पारावर किंवा दूध डेअरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. डेअरी जास्त चांगली, कारण तिथे दिवसातून दोनदा प्रत्येक जातीचं, प्रत्येक गटाचं माणूस रांगेत उभं राहतं.

यातून लगेच काही घडणार नाही. पण सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणेल, "औंदा पाण्याची पातळी मागल्यापेक्षा सहा फूट खाली हाय की." हे वाक्य तुमच्या तोंडून यायच्या आत गावाच्या तोंडून आलं पाहिजे.

पहिलं काम लहान घ्या: सांडपाणी

बरेच जण वृक्षारोपणाने सुरुवात करतात. जुलैत खड्डे, फोटो, आणि मार्चमध्ये वाळक्या काड्या. "झाडं लावायला लावायलेत, आधी प्यायला पाणी द्या की," असं एखादी आजी म्हणाली तर तिचं बरोबर आहे. झाडं जरूर लावा, पण दुसऱ्या वर्षी आणि मोजकीच, जितक्यांना उन्हाळ्यात पाणी आणि शेळ्यांपासून काटेरी कुंपण देता येईल तितकीच. चिंच, कडुलिंब, करंज, बोर, बालाघाटच्या रांगेत सीताफळ, बांधावर गिरिपुष्प.

पहिलं काम असं हवं की ज्यात भांडायला काही नाही, खर्च बेताचा आहे, आणि फरक महिन्याभरात दारात दिसतो. माझ्या मते त्यासाठी शोषखड्ड्यासारखं काम नाही. याचा चांगला नमुना आपल्याच भागात आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघड्यावरचं सांडपाणी बंद केलं, डास हटवले, आणि तो प्रकार पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून, काही ठिकाणी 'मॅजिक पिट' म्हणून ओळखला गेला.

तो करायचा कसा ते जरा सविस्तर सांगतो, कारण घाईत केलेले खड्डे वर्षभरात तुंबतात आणि मग लोक म्हणतात की हे चालत नाही.

मोरी आणि न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथून थोडं लांब, भिंतीच्या पायाला ओल लागणार नाही अशी जागा धरा. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर तिथे खड्डा घेऊच नका, निदान तीस-चाळीस फूट अंतर सोडा. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खणा. मध्यभागी सिमेंटची टाकी ठेवायची, जिच्या वरच्या भागात चारही बाजूंना भोकं असतात. पाणी टाकीत येतं, त्यातली माती, राख, खरकटं तळाला बसतं, आणि वरचं निवळ पाणी भोकांतून बाहेरच्या दगडांत जाऊन मुरतं. टाकीभोवती खाली मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर खडी किंवा विटांचे तुकडे भरा. येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जाळी लावा. टाकीला उघडता येईल असं झाकण पाहिजे, आणि चार-सहा महिन्यांनी तळाचा गाळ काढला पाहिजे. गाळ काढायचं कुणी आणि केव्हा हे ठरलं नसेल तर खड्डा खणूच नका. संडासाचं पाणी यात कधीही सोडायचं नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. आपल्याकडची भारी काळी माती भिजली की फुगते आणि पाणी पुढे सोडत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. पाच-सहा फुटांवरही काळीच असेल तर शोषखड्ड्याचा हट्ट सोडा आणि ते पाणी परसातल्या केळी-अळू-शेवग्याला वळवा, किंवा तीन-चार घरांचं पाणी मुरमाच्या जागी एकत्र न्या. सुरुवात एका गल्लीपासून करा, आणि ती गल्ली सरपंचांची नको. रोजगार हमीतून वैयक्तिक शोषखड्ड्याचं काम घेता येतं. रोजगार सेवकाला आधीच भेटा, कारण काम गावाच्या आराखड्यात नसेल तर वर्षभर थांबावं लागतं.

एका गल्लीतला चिखल हटला की शेजारची गल्ली स्वतःहून विचारायला येते, आणि तिथपासून तुमच्या शब्दाला थोडं वजन येतं. मग मोठा विषय काढायचा.

पाण्याचा ताळेबंद

हिवरे बाजारने दर पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिकं ठरवायची पद्धत रुजवली. पोपटराव पवारांच्या त्या गावाला बस करून जायची हौस सगळ्यांनाच असते. जरूर जा, पण परत आल्यावर आपल्या गावाचं गणित आपणच मांडा. ते अवघड नाही.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. समजा शिवार १,००० हेक्टर आहे आणि पाऊस ६०० मिलिमीटर झाला. म्हणजे ६०० कोटी लिटर. ऐकणारा म्हणेल, अरे वा, मग टंचाई कसली? पण यातलं बरंचसं उडून जातं, खरीप पिकं पितात, ओढ्याने वाहून जातं. बेसाल्टच्या भागात जमिनीत खोल मुरतं ते साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे विहिरींना मिळालं ६० कोटी लिटर. २,००० माणसांना दिवसाला दरडोई ५५ लिटर धरलं तर वर्षाला ४ कोटी. ८०० मोठ्या जनावरांना रोज ६० लिटर म्हणजे पावणेदोन कोटी. हे बाजूला काढलं की शेतीला उरलं सुमारे ५४ कोटी.

आता उसाकडे या. उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी हेक्टरी दीड कोटी लिटर उपसावं लागतं. म्हणजे ५४ कोटी लिटरमध्ये ३६ हेक्टर ऊस भिजतो आणि अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी संपतं. हरभऱ्याला दोन पाणी दिली, तर हेक्टरी १२ लाख लिटर. त्याच पाण्यात ४५० हेक्टर हरभरा होतो.

हे गणित फळ्यावर खडूने, लोकांना विचारत विचारत मांडा. शिवार किती? जनावरं किती? आकडे त्यांचे, बेरीज त्यांची. छापलेला तक्ता वाटू नका. आणि उसवाल्या शेतकऱ्याला चोर ठरवू नका. त्याला ऊस परवडतो कारण कारखाना खात्रीने नेतो आणि इतर पिकांचा भाव बेभरवशाचा असतो. तो मूर्ख नाही आणि दुष्टही नाही. पहिल्या वर्षी ऊसबंदीचा ठराव आणलात तर गावात दोन तट पडतील आणि शोषखड्डेही थांबतील. पहिल्या वर्षी एवढंच मागा: असलेला ऊस ठिबकवर, पाचट जाळायचं नाही, आणि पिण्याच्या विहिरीच्या आसपास नवी लागण नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला शेवटच्या मागणीचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

जलसंधारणाची कामं काढाल तेव्हा माथा ते पायथा हा क्रम मोडू नका. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग शेतात बांधबंदिस्ती, त्यानंतर ओढा. लोकांना आणि ठेकेदारांना थेट ओढ्यात जेसीबी घालायची घाई असते, कारण ते काम दिसतं. पण वरचं काही न करता ओढा खोल-रुंद केला तर गाळ पुन्हा भरतो, आणि जास्त खोदला तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणीच ओढ्यात उतरतं. जालना जिल्ह्यातलं कडवंची बघून या. तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने पूर्ण पाणलोट धरून काम केलं, आणि कोरडवाहू गाव द्राक्षांपर्यंत पोहोचलं. शेततळ्यांबद्दल मात्र एक ताकीद: अस्तरीकरण केलेलं शेततळं विहिरी-बोअर उपसून भरायची जी पद्धत पडली आहे, ती गावाच्या मुळावर येते. सगळ्यांच्या जमिनीतलं पाणी एकाच्या तळ्यात जातं आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्यातलं बरंच उडून जातं. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरायचं, हा नियम पहिल्याच बैठकीत सांगा. जुन्या पाझर तलावातला गाळ काढणं हे त्यामानाने सरळ काम आहे. तलावाची साठवण वाढते, आणि हलक्या रानात तो गाळ टाकला की ते रान ओल धरून ठेवतं.

ठराव कागदावर आणताना

कायद्याने ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा व्हायला हवी. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तो पुरतो. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ती पुष्कळ ठिकाणी फक्त रजिस्टरवर होते. तुम्ही ती खरोखर घडवून आणा, दुपारी दोन ते चार, घरची कामं आटोपल्यावर. पाण्याच्या वेळा, दारूचे धंदे, शेवटच्या नळाचं रडगाणं हे तिथेच मोकळेपणाने निघतं, आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेत मोडायला पुढारी कचरतात.

तुमचा विषय नोटीस निघायच्या आधी ग्रामसेवकांकडे लेखी द्या. ऐनवेळच्या विषयात घुसवलेला ठराव कच्चा राहतो. सभेच्या आदल्या आठवड्यात विरोध करतील अशा पाच-सहा घरी स्वतः जा. आणि ठराव तिथल्या तिथे प्रोसिडिंग बुकात लिहून, मोठ्याने वाचून, मगच सभा उठू द्या. "नंतर लिहून घेऊ" म्हटलेल्या ठरावाचे शब्द नंतर वेगळेच निघतात.

नियम करताना प्रत्येक नियमाबरोबर गावाला काय मिळणार तेही सांगा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने भास्करराव पेरे पाटलांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्या घराला दळण मोफत दिलं आणि करवसुली वाढली. तिथलं गरम पाणी, सोलर यांची नक्कल करायची गरज नाही. शहराजवळच्या गावाचं उत्पन्न तुमच्याकडे नसेल. मात्र कर भरला की रोजच्या वापरातली एक सोय हातात पडते, ही रचना कोणत्याही गावाला जमते.

बायकांचं एक एकर आणि घरचं बियाणं

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ पासून, लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांबरोबर काम केलं. त्यातून पुढे एक एकर शेतीचा नमुना उभा राहिला. बाई घरच्यांकडून एक एकर, नाहीतर अर्धा, मागून घेते आणि त्यात घरच्या खाण्याची पिकं घेते: ज्वारी, तूर, मूग, उडीद, जवस, भाजीपाला, थोड्या पाण्यात आणि शेणखतावर. सोयाबीनचा भाव पडला तरी ताटातलं अन्न विकत आणावं लागत नाही. ज्वारी परत आली की कडबाही येतो. मराठवाड्यात ज्वारी कमी झाली तिथपासून जनावरांचे हाल वाढले, हे कोणत्याही गोठ्यात विचारून बघा. या कामाला बचत गटासारखी जागा नाही. पाच बायका एकदम मागायला लागल्या की एकेका घरातला नकार ढिला होतो.

बियाण्याचंही इथेच जमतं. सोयाबीनचं घरचं बियाणं वापरता येतं, फक्त पेरणीआधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घालून हलकी गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी उलगडून नीट कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर नेहमीच्या मापाने पेरा, कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर बदला. मे महिन्यात हे शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या गावाचं मिळून करा, प्रत्येक गुंडाळीवर नाव लिहून. कुणाचं बियाणं चांगलं निघालं हे सगळ्यांसमोर दिसतं आणि गावातल्या गावात देवाणघेवाण सुरू होते.

कचरा, सप्ताह, चूल

कचऱ्याचं फार लांबवत नाही. शेण आणि ओला कचरा उकिरड्यावर किंवा नाडेपमध्ये (विटांच्या जाळीदार कंपोस्ट टाकीत), प्लास्टिक वेगळ्या पोत्यात, आणि पोतं महिन्याला भंगारवाल्याकडे किंवा तालुक्याच्या संकलन केंद्रावर. पण थर्माकोलच्या पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास हा ढीग एकदम उठतो तो सप्ताह, लग्न आणि उरुसात. तेव्हा सप्ताहाच्या मंडळींशी आणि उरूस कमिटीशी आधी बोला. स्टीलची ताटं-वाट्या-ग्लास असा एक संच ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने घ्यावा आणि नाममात्र भाड्याने द्यावा. भाडं गटाला, धुण्याची मजुरी धुणाऱ्यांना. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी त्याबद्दल दोन वाक्यं बोलली तर तुमच्या दहा बैठका वाचतात.

बायोगॅस प्रत्येक घराला लावायचा आग्रह नको. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार-पाच जनावरं आणि हाताशी पाणी असेल तिथेच तो चालतो. बाकीच्यांनी सुधारित चूल वापरावी, पऱ्हाट्या-तुराट्या नीट वाळवून जाळाव्यात. धूर कमी होतो आणि सरपणही पुरतं.

पैसा आणि योजना

रोजगार हमी, पोकरा (हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प), गाळमुक्त धरण, माझी वसुंधरा अशा योजना असतात, येत-जात राहतात. त्यांच्यामागे धावून काम ठरवू नका. आधी गावाची यादी करा, मग त्यातलं कोणतं काम कोणत्या योजनेत बसतं ते कृषी सहायक आणि ग्रामसेवकांबरोबर बसून लावा. स्पर्धेत उतरायलाही हरकत नाही. जलसंधारणाच्या कामांच्या 'वॉटर कप' स्पर्धेच्या पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये, अंबाजोगाई तालुक्यातल्या गावांनी पहाटे श्रमदान केलं, आणि त्या जोरावर बरीच वर्षं न बोलणारी माणसं एका टोपल्याला लागली. पण स्पर्धा संपल्यावर त्या बांधांची डागडुजी कोण करणार हे आधीच लिहून ठेवा.

जमा झालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब त्याच डेअरीच्या भिंतीवर लावा. कामाला सर्वांत मोठा धोका संशयाचा असतो.

नियम मोडला जाईल तेव्हा

तो मोडला जाणारच. समजा नवं बोअर घ्यायचं नाही असं ग्रामसभेत ठरलं. फेब्रुवारीत, रात्री, बोअरची गाडी येईल. आवाज अख्ख्या गावाला जाईल आणि सकाळी सगळे तुमच्याकडे बघतील. तेव्हा एकट्याने त्या शेतात जाऊ नका, आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. त्याच्या भावकीतलं एखादं मानाचं माणूस, सरपंच आणि महिला सभेतल्या दोघी असे मिळून त्याच्या घरी जा. आधी विचारा की का केलं. मोसंबीची बाग जळत असेल तर तो गुन्हेगारापेक्षा अडचणीत सापडलेला माणूस आहे, आणि त्याला शेजारच्या विहिरीतून दोन महिने पाणी देता येतं का हा खरा प्रश्न आहे. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत मात्र बोअर किंवा विहीर घ्यायला कायद्याचीच आडकाठी आहे. तिथे रदबदली करू नका, ग्रामपंचायतीच्या नावाने तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. आधी सरपंचाच्या भावाने नियम मोडला असेल आणि गाव गप्प बसलं असेल, तर तांड्यावरच्या माणसाला जाब विचारायचा अधिकार गावाला उरत नाही, हेही सभेत स्पष्ट बोला.

ग्रामसभेने दंड ठरवला असेल तर तो सगळ्यांना सारखा आणि भरता येईल एवढाच ठेवा, पावती फाडूनच घ्या, पाणीपुरवठ्याच्या खात्यात जमा करा, आणि त्याचं काय केलं ते पुढच्या सभेत पहिल्या विषयात वाचा.